बुजवलेली फट

नवनीतने दांडा डावीकडे ओढला. त्याबरोबर पंखाच्या मागच्या कडेची पट्टी वर उठायला हवी होती. ती जागची हलली नाही. त्याने उजवीकडे ओढून पाहिलं, मग दोन्ही हातांनी जोर लावला. परवापर्यंत एका बोटाने फिरणारा दांडा आज म्हशीसारखा अडून बसला होता.

रनाळ्यात, घरामागच्या शेडमध्ये, पूर्वी जिथे कापूस ठेवत तिथे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं दोन सीटचं विमान उभं होतं. बोअरच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरून देणाऱ्या नवनीतने ते स्वतः जोडलं होतं आणि आता फक्त रंग राहिला होता. रंगाआधी पुट्टी भरून, पॉलिशपेपर मारून अंग गुळगुळीत करायला त्याने सुपडू पेंटरला बोलावलं होतं. सुपडूचा हात जीप-ट्रॅक्टरवर बसलेला. काल नवनीत दिवसभरासाठी नंदुरबारला गेला, तेवढ्यात त्याने दोन्ही पंख उरकून टाकले.

नवनीत खाली उतरला आणि पंखावरून हात फिरवत गेला. पंख आणि पट्टी यांच्यामधली फट काही सापडेना. आपण फट ठेवलीच नव्हती की काय, अशी शंका त्याला स्वतःचीच यायला लागली.

त्याने सुपडूला हाक मारली. सुपडू खुशीत आला.

"एक बी फट ठेवी नही, भाऊ. नख बी जावाव नही."

नवनीतने त्याला समजावलं, की विमान वळतं ते त्या पट्टीवर. ती हलली नाही तर ते सरळ समोरच्या निंबाच्या झाडात जाईल. सुपडूचा चेहरा उतरला. त्यालाही ते जरा विचित्रच वाटलं होतं म्हणे, पण त्याच्या मनाचं काही नव्हतं.

"वहिनीनीच सांगं," तो म्हणाला.

हे नवनीतच्या डोक्यातच शिरेना. त्याच्या बायकोला, मीनाबाईला, यातलं काही कळत नाही असं म्हणायची सोय नव्हती. त्याने बाहेरून रिव्हेट ठोकायचे आणि तिने आतून लोखंड टेकवून धरायचं, असंच हे विमान उभं राहिलं होतं. ती पट्टी कशासाठी, हे गल्लीतल्या बायांना तीच तर सांगत असे. मग? रागवावं की हसावं, तेच त्याला कळेना.

मीनाबाई चहा घेऊन आली. सुपडू पेपर भिजवायच्या निमित्ताने बाहेर सटकला. नवनीतने विचारलं तेव्हा तिने नाकारलं नाही.

"लोखंड धरू तव्हय वाटे, हाई कधीच पुरं व्हनार नही," ती म्हणाली. "आते तुम्हीन रंग लावाले काढं. माले भ्याव लागस."

नवनीतने तिला सगळं पुन्हा सांगितलं. इंजिन तपासून झालंय, पंखांवर वाळूच्या गोण्या टाकून पाहिल्यात. तीळभर धोका नाही, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला आणि पुट्टी खरडायला त्याने पटाशी उचलली.

मीनाबाईने कप खाली ठेवला.

"खरडा मंग," ती म्हणाली. "पन पहिले दिन मी मांगे बठसू."

नवनीतने मागच्या सीटकडे पाहिलं. मग पटाशीची धार पुट्टीवर टेकवली. दाबायला हात तयार होईना.