परदेशी गिऱ्हाईक

अब्बांना पत्ता लागू नये म्हणून आफिफा आधी व्हीपीएन लावायची, त्यावर टोर ब्राउझर उघडायची आणि मगच वसमतच्या घरच्या हळदीच्या दुकानाची वेबसाइट बघायची. बसलेली असायची पुण्यात, पण साइटच्या नोंदीत दर वेळी भलत्याच देशाचं नाव उमटायचं. अब्बा रोज हळदीच्या ढिगाचा ताजा फोटो टाकायचे. त्यात कडेला कधी अम्मीची ओढणी दिसायची, कधी हळकुंडं निवडणारा तिचा हात. आफिफा तेवढाच कोपरा मोठा करून बघत बसायची.

"एवढं लपून काहून बघून राहिलीस? सरळ फोन लाव की," तिचा नवरा सलमान म्हणाला.

"न्हाई. मर्जीनं निकाह केला म्हणून दार त्यांनी लावलं. पुण्यातून रोज कुणी डोकावतंय हे दिसलं, तर म्हणतील, आली ना आठवण."

आजचा फोटो उघडला आणि तिचा हात थांबला. ढिगाच्या मधोमध स्टुलावर अम्मी बसली होती. ईदची ओढणी घेऊन, सरळ समोर बघत. खाली अब्बांनी लिहिलं होतं :

"कधी जर्मनी, कधी हॉलंड, कधी रुमानियाहून रोज आमची हळद बघणाऱ्या गिऱ्हाइकास कळावं. हिंगोली जिल्ह्याबाहेरचं दुसरं कुणी आमची साइट उघडत न्हाई. उद्यापासून अम्मी अशीच मधे बसेल. तरी नीट दिसली न्हाई, तर फोन करावा. नंबर तोच आहे."