ड्रममागची जागा

दुपारच्या शांततेत रेणूच्या हातून लाटणं सुटून फरशीवर खाडकन पडलं आणि बुंदी जी पळाली, ती थेट तांदळाच्या ड्रममागे जाऊन दडली. बुंदी म्हणजे अर्धी पॉमेरेनियन, अर्धी गावठी, मांजराएवढी कुत्री. साकोलीच्या कोण्या घरी नकोशी झालेली, लेकीच्या, टीनाच्या, हट्टापायी रेणूने कालच आणलेली. रेणू लाटणं उचलून, वाकून तिला पाहू लागली, तशी बुंदीने अंग चोरून डोळेच मिटून घेतले.

"अवं माय, कशी थरथरून राहिली पाह्य! कोणं मारलं असन वं इतकुशा जिवाले? हातच कसा उठला त्याईचा?" रेणू कळवळली.

टीना सवयीने ड्रममागे शिरली आणि तिथे ठेवलेली आपली जुनी उशी बुंदीखाली सरकवत हळूच म्हणाली, "अजून आत सरक. तिथवर हात नाही पोचत."

रेणूने लाटणं ओढणीआड केलं.

"मम्मी," टीनाने आतूनच विचारलं, "तू रागात आहे, हे मले तुझ्या चालण्यावरूनच समजते. हे बुंदीले कसं शिकवू?"