धुऱ्यावरून दिसणारं धान

बाबनरावनं शर्टाच्या आतून दोरीचं भेंडोळं काढलं आणि आधी धुऱ्याकडे, दोन शेतांमधल्या बांधाकडे, पाहिलं. पलीकडच्या बांधीत, धानाच्या खाचरात, हेमराज दिसत नव्हता. हेमराज दिसत नसला की बाबनरावला जास्तच शंका येई.

दोरी नवी होती. मौद्याच्या दुकानात घेतली असती तर संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं, म्हणून बसनं नागपूरला जाऊन त्यानं ती इतवारीच्या बाजारातून आणली. परत येताना डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखं तोंड केलं.

प्रकरण त्यानंच वाढवून ठेवलं होतं. एप्रिलात कृषी विभागाचे साहेब गावात येऊन सांगून गेले, की धान दाटीवाटीनं रोवू नका, दोरी लावून ओळीत, अंतर सोडून रोवा. तेव्हा बाबनरावच उभा राहिला होता. "साहेब, आमी धान लावून राहिलो का भिंत बांधून राहिलो?" सभा हसली. शेजारचा हेमराज तर खांद्यावरच्या निळ्या चौकडीच्या दुपट्ट्यानं डोळे पुसत बसला. मग मे महिन्यात बाबनरावनं रामटेकला जावयाचं ओळीत रोवलेलं उन्हाळी धान पाहिलं, भरलेल्या लोंब्या मोजल्या आणि आपणही तसंच लावायचं मनात ठरवलं. आता त्याच्या बांधीत दोरी दिसली असती, तर भिंत कुठवर आली म्हणून गावानं पोळ्यापर्यंत विचारलं असतं.

रोवण्याच्या बाया घेऊन येणारी कांताबाई चिखलात उतरली होती. त्यानं तिला हळू आवाजात समजावलं. धुऱ्यालगत चारही बाजूंनी जुन्यासारखं दाट लावायचं, दोरी फक्त मधात. बाहेरून काही दिसता कामा नये. काहून म्हणून तिनं विचारलं नाही. बाबनरावला तेही खटकलं.

"कोणाले सांगू नको वं."

"मी कोणाचंच कोणाले नाही सांगत, भाऊ."

त्यानं दोरी पुढे केली. तिच्यावर खुणाच नाहीत, रोप कुठं लावायचं ते बायांना कळणार कसं, असं म्हणत कांताबाईनं आपल्या पिशवीतून दुसरी दोरी ओढली. ती चिखलानं राखाडी झाली होती आणि चिखल अजून ओला होता. खुणेसाठी जागोजाग फडकी बांधलेली. एक पिवळं होतं, ते कोणाचं ते बाबनरावला आठवेना. बाकीची सगळी निळ्या चौकडीची.

तो निळ्या चौकडीकडे पाहत राहिला. मग पलीकडच्या बांधीकडे पाहिलं. हेमराजचं धान धुऱ्यालगत अगदी जुन्यासारखं दाट होतं. आत काय आहे, ते इथून दिसत नव्हतं.

"मधातल्या खुणा गळल्या जी," कांताबाई म्हणाली. "फडकं लागन." आणि तिनं त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे पाहिलं.

बाबनरावनं चारही धुरे पाहून घेतले. कोणी नव्हतं. त्यानं दुपट्ट्याची किनार दातांत धरली.