नवा भाग

डावपेचांच्या एका जुन्या व्हिडिओ गेमचा नवा भाग वीस वर्षांनी आला, आणि एका चष्म्यांच्या दुकानदाराने 'सेनापती' या लहानपणीच्या टोपणनावाने चाहत्यांच्या ग्रुपवर त्याची पार सालटी काढली. "आता चाल मागे घेता येते, मेलेला सैनिक उठून बसतो. खेळात राम उरला नाही." शेकडो जणांनी त्याची री ओढली. एकानेच उलट लिहिलं, "भाग उत्तम आहे. जखमींना मागे टाकून पळणाऱ्या सेनापतीला काय कळणार?"

दुकानदाराची ही खेळातली खोड फक्त लहानपणी शेजारी बसून खेळलेल्या थोरल्या भावाला ठाऊक होती. वडील गेल्यावर दोघांचं भांडण झालं, त्यानंतर सहा वर्षं अबोला होता.

दुकानदाराने त्याखालीच विचारलं, "दादा, तुला खरंच आवडला?"

"छे. पण तुझ्याशी बोलायला दुसरं निमित्त सापडेना."