वृंदाचं मिनिट

मोरिवलीच्या कंपनीचा सातचा भोंगा झाला की आई बाबांचं घड्याळ घ्यायची, वृंदाचं मनगट धरायची आणि मिनिटभर ठोके मोजायची. माझ्या या धाकट्या बहिणीच्या हृदयात जन्मापासूनच ब्लॉक होता, म्हणजे ठोक्याचा इशारा वाटेतच अडायचा. ठोके जेमतेम पन्नास. त्या पन्नासांच्या जोरावर ती पाणी भरत नसे, मार खात नसे, आणि साय तर रोज तिचीच. सायीचं मला काही नव्हतं. मला ते मिनिट हवं होतं.

"माझे पण मोज ना," म्हटलं की आई खेकसायची, "तुला काय धाड भरलीय? दप्तर भर."

काखेत कांदा धरला की ताप येतो, असं वर्गातल्या मुली सांगायच्या. एका सकाळी मी कांदा काखेत घट्ट दाबला आणि हात पुढे केला. "आई, ताप आलाय. बघ."

आईनं नाइलाजानं मनगटावर बोटं ठेवली. सरकवली. पुन्हा ठेवली. कांद्यानं नस दाबली गेली होती, ठोका लागेचना. आईचा चेहरा पांढराफटक पडला. घाबरून मी हात सैल सोडला आणि कांदा गडगडत वृंदाच्या पायाशी गेला.

आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. पण आईनं माझं मनगट पुन्हा धरलं. पूर्ण मिनिटभर.

"ब्याऐंशी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"डॉक्टर म्हणाले, वृंदाचं दुखणं ती पोटात असताना माझ्याच रक्तातून गेलं. तुझेही कमी भरले तर, या भीतीनं तुझा हात धरायची हिंमतच झाली नाही गं, माले."