गोजरबाईकडची सहावी खेप

दारात उभं राहून हाक मारावी, तर शेषरावांच्या गळ्यात आवाजच नव्हता. त्यांनी कडी वाजवली. गोजरबाई पदर सावरत बाहेर आली.

"या भाऊ. विमलबाई नाई आल्या?"

शेषरावांनी मान हलवली. मिशनच्या माणसांनी दोघं दोघं मिळून घरोघर जायचं, अशी चर्चची शिस्त. पण विमलबाई तापाने पडल्या होत्या, आणि त्याही नेमक्या आज. म्हणजे आज बोलायला कोणीच नव्हतं.

एरवी शेषरावांना दुसऱ्या कुणाची गरजही पडली नसती. मलकापूरच्या चर्चमधून आसपासच्या गावांत जाणाऱ्या प्रापंचिक मिशनऱ्यांत त्यांच्यासारखा बोलका माणूस नव्हता. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, आणि शेषरावांकडे तर शुभवर्तमान होतं. मातीत पडून मरणाऱ्या आणि मग कणसाला येणाऱ्या गव्हाच्या दाण्याची गोष्ट ते सांगू लागले, की शंभरदा ऐकूनही विमलबाईंना भरून येई.

या घरची काजल एकोणीस वर्षांची होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना काविळीने आठ दिवसांत गेली. तिच्या कबरीपाशी शेषराव असे बोलले, की फादरही खाली मान घालून ऐकत राहिले. त्यानंतर चार महिन्यांत ते पाच वेळा या घरी येऊन गेले. दर खेपेला आशेचं बोलले. दर खेपेला गोजरबाईने मान डोलावली, चहा केला आणि त्यांना फाटकापर्यंत सोडलं. लेकीच्या मातीलाही तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. "पाहा, बाईचा विश्वास किती पक्का आहे," असं शेषराव परतताना विमलबाईंना कौतुकाने सांगायचे.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. गळ्याखाली श्वासापुरतं एक भोक राहिलं आणि त्यावर पांढरं फडकं आलं. जरा हिंडता-फिरता येऊ लागल्यावर शेषरावांनी पहिलं काम हे केलं, की मिशनच्या कामावर पाठवताना चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनाविधीत, मिळालेला लाकडी क्रूस फादरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सोबतच्या पाटीवर लिहिलं, 'मला मोकळं करा. मुका माणूस कुणाला काय आशा देणार?'

फादरांनी पाटी वाचली. क्रूसाला त्यांनी हात लावला नाही. "गोजरबाईंकडे एकदा जाऊन या," एवढंच म्हणाले. "परत आल्यावर तुम्हीच ठरवा."

म्हणून ही सहावी खेप. ती शेवटची, हे शेषरावांचं मनाशी ठरलेलं होतं. सकाळभर बसून त्यांनी दोन पानं लिहून आणली होती. अक्षर मोत्यासारखं, शब्द निवडून वेचून घेतलेले. बाजेवर बसल्याबसल्या त्यांनी ती गोजरबाईच्या हातात दिली.

तिने पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि जपून घडी घातली. "मले कुठं वाचता येते, भाऊ? काजल वाचून दाखवे."

शेषरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच खेपा या घरात येऊन बाईला वाचता येत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोलण्याच्या भरात कधी विचारायचंच राहून गेलं होतं.

उठून जावं असं त्यांना वाटलं. पण चहा व्हायचा होता, आणि तो न घेता अशा घरून उठणं बरं दिसत नाही. ते बसून राहिले. समोर जमिनीवर गोजरबाई बसली. भिंतीवर काजलचा फोटो होता, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतला. पूर्वी अशी शांतता पडली की शेषराव तिला मिनिटभरही टिकू देत नसत. आज ती तशीच पडून राहिली. फोटोकडे बघता बघता त्यांचेच डोळे वाहू लागले. रडण्याला आवाज नव्हता. गळ्यावरचं फडकं तेवढं थरथरत होतं.

गोजरबाई बघत होती.

"तिले मेथी आवडत नव्हती," ती म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "त्या दिवशी म्या जबरदस्तीनं खाऊ घातली. तिले मळमळून राह्यलं होतं, अन् मले वाटे नखरे करते. दोन दिवस, भाऊ. दोन दिवस म्या तिले दवाखान्यात नेलंच नाई."

हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, फादरांना नाही. बाजेच्या माचव्यावर डोकं टेकून तिने असा हंबरडा फोडला, की शेजारची तानाबाई धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. शेषरावांच्या मनात दहा वाक्यं येऊन गेली. एकही बाहेर पडेना. ते बाजेवरून उतरून तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुष्कळ वेळाने ती उठली. तोंड धुतलं, चहा टाकला. तानाबाईलाही दिला. जायला निघताना शेषरावांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवलं आणि हात जोडले. मला काही बोलता आलं नाही, माफ कर, असं त्यांना म्हणायचं होतं.

"माफी काऊन मागता?" गोजरबाईने त्यांचे जोडलेले हात खाली केले. "पुढच्या रविवारी या. असेच या. पाची खेपा तुमी इतकं चांगलं बोलले, भाऊ, की मले रडाची लाज वाटे."