बंद करू नये
बोईसरच्या त्या छोट्या ऑफिसातून तारापूरच्या कारखान्यांचे कम्प्युटर सांभाळले जात. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. “बघा सर,” विक्रेता म्हणाला, “एका क्लिकवर सगळे कम्प्युटर अपडेट होऊन आपोआप रीस्टार्ट! कुणाला विचारायलाच नको.” “करून दाखवा,” सर खुशीत म्हणाले. ऑफिसात काम करणाऱ्या प्रतीक्षाने पडद्यावरच्या यादीतलं सातवं नाव वाचलं. तो कम्प्युटर तिच्या नवऱ्याच्या केमिकल प्लांटमधला होता आणि भाग्येश आत्ता शिफ्टवरच होता. तिने झटकन राउटरची वायर उपटली. “अगं, डोकं ठिकाणावर आहे का?” सर ओरडले. तिने फोन लावून स्पीकरवर टाकला. “पटकन बोल,” भाग्येश म्हणाला. “रिअ‍ॅक्टर तापलाय, स्क्रीनवरून नजर हलवता येत नाही.” “त्या कम्प्युटरवर कागद चिकटवलाय ना?” “हो, ‘बंद करू नये’. का गं?” “काही नाही. इथून तो कागद दिसत नाही.”